‘चेक’ हा एकच शब्द आहे की चार-पाच वेगळे?

एडिसनची_माई

नमस्कार मंडळी. प्रश्न खरं तर माझ्या चिरंजीवांचा आहे. मला उत्तर देता येईना म्हणून इथे टाकतेय.

आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे हॉटेलात जेवण झालं की वेटरकडे ‘चेक’ मागायचा, म्हणजे आपलं बिल. आणि ते बिल भागवायला पूर्वी लोक फाडायचे तोही चेकच. म्हणजे चेक घ्या, चेक द्या! शाळेत बाई बरोबर उत्तरापुढे खूण करतात, तिला आपण टिक म्हणायचो, इथे ती ‘चेक’. म्युझियममध्ये कोट काढून ठेवायची खिडकी असते ती ‘कोट चेक’. चौकड्यांचा शर्ट चेक्सचा. सोंगट्या उडवायचा एक खेळ आहे तो ‘चेकर्स’. त्यात भर म्हणजे मुलगा सध्या बुद्धिबळाच्या क्लासला जातो, तिथे राजाला शह दिला की ‘चेक’. भारतात आलो की आजोबांच्या चेकबुकावर स्पेलिंग निराळंच, शेवटी क्यू, यू, ई.

तर हे सगळे योगायोगाने सारखे ऐकू येणारे वेगवेगळे शब्द आहेत, की मूळ एकच? चार ओळींचं उत्तर शोधून मिळतं, त्याने माझं समाधान झालं नाही. कुणी जरा बैजवार सांगेल का?

टवाळ_ठाणेकर

ताई, मुलुंड चेकनाका राहिला! जकात जीएसटीच्या वेळी गेली, २०१७ ला. नाव मात्र जागचं हललेलं नाही, रिक्षावाले अजून ‘चेकनाका, चेकनाका’ ओरडत असतात. तो कुठल्या खात्यात धरायचा तेही सांगा कुणीतरी. मी बसलोय चहा घेऊन.

क्लिअरिंगवाले_आप्पा

माई, शब्द एकच आहे. तुम्ही दिलेले सगळे अर्थ त्याचेच, आणि ठाणेकरांचा नाकासुद्धा त्यातलाच.

मी सांगलीला बँकेत होतो, त्यातली बरीच वर्षं क्लिअरिंगला. ज्या गावात रिझर्व्ह बँक नाही तिथलं क्लिअरिंग हाऊस तेव्हा स्टेट बँक चालवायची. सगळ्या बँकांचे कारकून आपापले चेकचे गठ्ठे घेऊन तिथे जमायचे, देवाणघेवाण व्हायची, आणि टॅली लागल्याशिवाय कुणी उठायचं नाही. (हा ‘टॅली’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) हजारो चेक हातांखालून गेले, पण याला चेक का म्हणतात हा प्रश्न नोकरीत कधी पडला नाही. निवृत्तीनंतर पडला, आणि तेव्हापासून शब्दकोश उघडून बसायची सवय लागली आहे. तेव्हा उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात होते राजापासून. फारसीत राजा म्हणजे शाह. आपलं चतुरंग साधारण सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात गेलं, तिथे त्याचं चतरंग झालं, अरबांनी त्याचं शतरंज केलं. समोरच्याच्या राजावर मारा केला की त्याला सावध करायचं, ‘शाह!’ म्हणजे ‘बाबा रे, राजा बघ’. अरबांकडून खेळ युरोपात गेला तेव्हा हा शब्दही बरोबर गेला. लॅटिनमध्ये त्याचं स्काकस झालं, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्रजांनी पुढचा ‘ए’ उडवून चेक केलं. गंमत म्हणजे त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून इंग्रजीतला ‘चेस’ आला. चेस हे अनेकवचन, चेक हे एकवचन, असं म्हणा ना.

आता इथे आपण मराठी माणसांनी जरा थांबावं. इंग्रजांकडे हा शब्द अरब, लॅटिन, फ्रेंच असा फिरून गेला. आपल्याकडे तो फारसीतून थेट आलेला आहे आणि जवळजवळ न बदलता आहे: शह. ‘शह-काटशहाचं राजकारण’ हे रोज पेपरात वाचतो. चेकमेट म्हणजे शाह मात, आणि ‘मात’ तर आपण पटाबाहेरही सर्रास वापरतो, संकटावर मात, आजारावर मात. म्हणजे तुमच्या चिरंजीवांच्या क्लासमध्ये जो शब्द परका वाटतो तो घरात आजी वापरत असणार.

मग अर्थ कसे फुटले? शह बसला की बाकी सगळ्या बेतांना खीळ. हत्ती मारायचा असो की प्यादं पुढे काढायचं असो, आधी राजा सोडवा. म्हणून चेक म्हणजे अडवणं, लगाम घालणं. हा अर्थ इंग्रजीत चौदाव्या शतकापर्यंत आलेला दिसतो. अडवून बघणं, पडताळणं हा अर्थ त्यानंतर बऱ्याच काळाने, सतराव्या शतकाच्या आसपास. ठाणेकर, तुमच्या नाक्यावर हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. गाडी अडवायची आणि माल बघायचा.

दुसरी फांदी पटाची. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये एशेकिए म्हणत, त्याचं इंग्रजीत चेकर. पटासारखी घरं असलेलं कापड ते चेकर्ड, आणि आखूड करून चेक्स. पटावर खेळायचा म्हणून चेकर्स. शर्यतीच्या शेवटी फडकवतात तो काळापांढरा झेंडाही याच घरातला. हे सोपं आहे, पुढे जातो.

खरी मजा तिसऱ्या फांदीत आहे, कारण तिथे पैसा येतो.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका टेबलावर व्हायचा. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, पैशाच्या चकत्या खाली पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी चार बोटं उंच काठ. वर काळं कापड, त्यावर रेघा आखलेल्या. ही मापं मी रचलेली नाहीत, दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने स्वतः लिहून ठेवली आहेत. परगण्यांचे शेरीफ, म्हणजे राजाचे वसुली अधिकारी, वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमसला (सप्टेंबरअखेरचा सण), तिथे यायचे. पेन्स, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार असे रकाने, त्यांत चकत्या मांडायच्या. येणं किती, आणलं किती, सगळ्यांसमोर दिसतं. कागदावर का नाही केलं? कारण आकडे रोमन. शून्य नाही, एकं-दहं नाही. रोमन आकड्यांत कुणी तीन रकमांची बेरीज करून दाखवावी, मी चहा पाजतो. आपले दशमान आकडे अरबांमार्फत तिकडे निघाले होते, फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने १२०२ मध्ये त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं, पण सरकारी कचेरीत नवी रीत शिरायला किती काळ लागतो हे इथे कुणाला सांगायला नको.

ते टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून अख्ख्या खात्याचं नाव पडलं एक्स्चेकर. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’. फिट्झनीलने तर लिहिलंय की पटावर जशी दोन राजांत लढाई तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात. आमच्या शाखेत ऑडिटर यायचे तेव्हाचं वातावरण आठवलं, अगदी तेच.

आता टॅली. शेरीफने पैसे भरले की पावती म्हणून लाकडाची कांडी मिळायची, बहुधा हेझेलच्या लाकडाची. तिच्यावर रकमेच्या खाचा. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. खाचा पाडल्या की कांडी उभी चिरायची. मोठा तुकडा ‘स्टॉक’, तो पैसे देणाऱ्याकडे. छोटा तुकडा ‘फॉइल’, तो खात्याकडे. पुढे वाद झाला की दोन्ही तुकडे एकमेकांना लावायचे. खाचा जुळल्या की टॅली लागली. कुणी आपल्या तुकड्यावर जास्तीची खाच पाडली तर दुसऱ्यावर ती नसणार, लबाडी तिथल्या तिथे उघडी.

हे इतकं चांगलं चाललं की कागद येऊनही लाकूड सुटेना. १७८२ मध्ये कायदा करून टॅली बंद करायचं ठरवलं, प्रत्यक्षात बंद झाल्या १८२६ मध्ये. मग साठलेल्या कांड्यांचं करायचं काय? १६ ऑक्टोबर १८३४ ला दोन गाड्या भरून कांड्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घातल्या. वाळलेलं लाकूड ते, धुराडी तापली, आणि रात्री संसदेची इमारत पेटली. आत्ताचं बिग बेनवालं संसद भवन त्यानंतर बांधलेलं आहे. आमच्या बँकेत जुनं रेकॉर्ड कधी, कुणाच्या सहीने आणि कसं नष्ट करायचं याचे नियम होते, आम्ही त्यांची टिंगल करायचो. ही आग वाचल्यावर टिंगल बंद केली.

आता मुद्द्याचं. तो चिरलेला ‘फॉइल’ पुढे कागदात आला तो काउंटरफॉइल, चेकबुकात मागे राहतं ते अर्धुक. आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘चेक’ म्हणत ते या अर्धुकाला! पैसे द्यायच्या चिठ्ठीला नव्हे. चिठ्ठी जायची दुसऱ्याच्या हाती, तिच्यात कुणी खाडाखोड केली तर पडताळायला आपल्याकडे काय? हे अर्धुक. म्हणून ते ‘चेक’. चिठ्ठ्या त्याआधीपासून होत्याच, लंडनमधली १६५९ सालची ४०० पौंडांची एक हाताने लिहिलेली चिठ्ठी अजून जपून ठेवलेली आहे. बँक ऑफ इंग्लंडने १७१७ च्या सुमारास छापील नमुने काढले. हळूहळू नाव अर्धुकावरून घसरलं आणि चिठ्ठीला चिकटलं.

यावर माझं एक दुखणं आहे ते सांगून टाकतो. ज्या भागामुळे चेकला चेक म्हणतात तोच भाग आपले लोक कोरा सोडतात. मग काउंटरवर येऊन ‘साहेब, तो मागल्या महिन्यातला चेक मी कुणाच्या नावाने दिला होता हो?’ अहो, अर्धुक तुमच्याकडे, आणि विचारताय मला!

स्पेलिंगचं थोडक्यात. इंग्लंडातसुद्धा आधी साधंच स्पेलिंग चालायचं, दोन-तीन प्रकारे लिहायचे. जेम्स विल्यम गिलबार्ट नावाच्या बँकरने १८२८ मध्ये मुद्दाम क्यूवालं स्पेलिंग घेतलं. कारण दोन दिली: इतर ‘चेक’शी घोटाळा होत नाही, आणि एक्स्चेकरशी मेळ बसतो. पुढे ब्रिटिश मुलखात तेच रुळलं. आपला १८८१ चा परक्राम्य लेखांचा कायदा, ज्याच्या १३८ व्या कलमाखाली न वटलेल्या चेकचे खटले चालतात, तोही तेच स्पेलिंग वापरतो. अमेरिकनांनी जुनं साधं स्पेलिंग ठेवलं. म्हणजे इथे अमेरिकन जुने आणि ब्रिटिश नवे.

नाशिकचे_शास्त्री

आप्पा, बहारदार. तुम्ही शाहपाशी थांबलात, मी आणखी मागे नेतो.

शाह हा जुन्या पारशी ‘क्षायथिय’ या शब्दाचा झिजलेला अवतार. इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात ‘क्षायथिय क्षायथियानाम्’ असं येतं, राजांचा राजा, म्हणजे आपला शहेनशाह. षष्ठीचं अनेकवचन कानाला कसं लागतंय बघा, संस्कृतच वाटतं. यातला मूळ धातू राज्य करणे या अर्थाचा, आणि त्याच मुळातून आपल्याकडे ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’. तेव्हा माईंच्या चिरंजीवांना सांगा, तुझ्या शर्टावरचे चेक्स आणि क्षत्रिय हे लांबचे चुलतभाऊ.

इराणी ‘क्षथ्र’, म्हणजे राज्य, याचं पुढे झालं ‘शह्र’. आपलं शहर ते हेच. आणि राज्य राखणारा तो क्षत्रप. नाशिककर म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: क्षत्रप नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं, आणि त्याची नाणी वितळवली नाहीत, त्यांच्यावरच स्वतःचा ठसा मारला. आमच्या जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बऱ्याचशा नाण्यांवर असा दुबार ठसा आहे. क्षत्रपाला शह म्हणतात तो हा.

गुजराती_जावई

मग आमच्या सासरचे शहा? तेही राजेच का? 😀

नाशिकचे_शास्त्री

सासरेबुवांना वाईट वाटू नये, पण व्यापारी शहा बहुतेक करून ‘साधु’वरून. साधु, साहु, साह, शाह. साधु म्हणजे सचोटीचा, व्यवहाराला चोख. आपला सावकारही त्याच वाटेने आला, साधुकार. तेव्हा राजे नाहीत, पण ज्यांच्या सहीचा चेक वटतो असे.

पटावरची_सोनाली

मी मुलांना बुद्धिबळ शिकवते, म्हणून दोन गोष्टी.

एक, चेक्स आपल्या पटावरून गेलेले नाहीत. आपल्याकडच्या जुन्या पटावर, त्याला अष्टापद म्हणत, नुसत्या रेघा असायच्या. आठ गुणिले आठ घरं, सगळी एकाच रंगाची, काही घरांवर फुल्या. काळंपांढरं आलटून पालटून रंगवणं ही युरोपातली भर, साधारण हजार वर्षांपूर्वीची. इराणी-अरबी पटही तसेच एकरंगी. म्हणजे शब्द इराणचा, खेळ भारताचा, पण त्या शब्दावरून ज्या नक्षीला नाव पडलं ती नक्षी तिसऱ्यांचीच.

दुसरी गोष्ट ‘मात’ची. बऱ्याच ठिकाणी ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’ असं लिहिलेलं असतं, अरबीत ‘माता’ म्हणजे मेला म्हणून. फारसीत मात म्हणजे हतबल झालेला, काही सुचेनासा झालेला. मला दुसरं पटतं. पटावर राजा मरतच नाही. बाकी सगळे मारले जातात, राजाला फक्त जागा उरत नाही आणि डाव संपतो. मुलांना मी हेच सांगते, कारण नवीन मुलं राजाला उचलून डब्यात टाकायला बघतात. आपल्या ‘मात करणे’तही मारणं नाही, वरचढ होणं आहे. आणि प्यादेमात या शब्दाची मजा इंग्रजीत नाही. साध्या प्याद्याने राजाला जेरीस आणायचं, त्याला आपल्याकडे वेगळं नाव!

अर्धवट_संशोधक

सगळं वाचलं, पण एक शंका. मी तर असं वाचलंय की बँकेचा चेक अरबी ‘सक्क’वरून आला. खलिफांच्या काळात व्यापारी सक्क लिहून द्यायचे, दुसऱ्या गावी पैसे मिळायचे. उच्चारही जवळचा. मग हे अर्धुक, एक्स्चेकर वगैरे कशाला?

क्लिअरिंगवाले_आप्पा

चांगली शंका आहे, आणि सक्क ही वस्तू खरी आहे. दहाव्या शतकातला इब्न हौकल नावाचा प्रवासी सहाराच्या कडेच्या औदाघस्त गावी पाहिलेल्या ४२,००० दिनारांच्या सक्कबद्दल लिहितो. आजच्या भाषेत तो व्यवहार कुठल्याही बँकरला ओळखू येईल. फारसीत त्यालाच ‘चक’ म्हणत, म्हणून तर उच्चार एवढा जवळचा वाटतो. आपल्याकडची हुंडीही त्याच जातकुळीची.

पण वस्तू एका ठिकाणी आधी होती, म्हणून दुसरीकडचं नाव तिथूनच आलं असं होत नाही. मी व्हाउचर तपासतो तसं हेही तपासतो: तारखा लावून. सक्कवरून नाव आलं असतं तर इंग्रजीत तो शब्द पहिल्यापासून पैशाच्या चिठ्ठीसाठी दिसायला हवा. तसा दिसत नाही. चिठ्ठी आधी निनावीच किंवा दुसऱ्या नावांनी चालते, ‘चेक’ शब्द आधी अर्धुकाला लागतो आणि मग चिठ्ठीवर येतो. मधे कुठे अरबी व्यापाऱ्याचा हात दिसत नाही. म्हणून शब्दकोशवाले बुद्धिबळाच्या बाजूने आहेत आणि मीही. सक्कचा मान कमी होत नाही त्याने. तो आपल्या जागी थोरच आहे.

माईंच्या दोन गोष्टी राहिल्या होत्या. बरोबरच्या खुणेला ‘चेक’ का? ती मुळात बरोबरची खूण नव्हे, ‘पाहिलं’ची खूण आहे. आम्ही लेजर तपासताना प्रत्येक रकमेपुढे लाल टिक करायचो, रक्कम बरोबर म्हणून नव्हे, नजरेखालून गेली म्हणून. आणि कोट चेक, हॉटेलचा चेक हे अमेरिकेतले, एकोणिसाव्या शतकातले. सामान किंवा कोट ठेवला की हातात बिल्ला द्यायचा, त्याच्या जोडीचा नंबर तिकडे. पुन्हा तेच, दोन अर्धुकं जुळवायची. पूर्वी आपल्या बँकांत पैसे काढायला चेक दिला की पितळी टोकन मिळायचं, जुन्या लोकांना आठवेल. अमेरिकनांनी त्या टोकनलाच चेक म्हटलं असतं!

सरकारी_मराठी

या सगळ्यात ‘धनादेश’ हा शब्द कुणीच काढला नाही याची खंत वाटते.

क्लिअरिंगवाले_आप्पा

छापायला उत्तम शब्द आहे. पण काउंटरवर माझ्यासमोर कुणी ‘धनादेश वटवायचाय’ म्हणालेलं आठवत नाही. त्यातला ‘वटवायचाय’ मात्र सगळे म्हणायचे. चेक वटला, चेक वटला नाही. हे अस्सल आपलं आहे, हुंडीच्या बाजारातलं. वटाव, वटणावळ हे शब्द सराफकट्ट्यावर चेक यायच्या आधीपासून होते. नवा कागद आला तेव्हा त्याचं नाव साहेबाचं घेतलं, क्रियापद आपलं लावलं. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

एडिसनची_माई

आप्पा, शास्त्रीजी, सोनालीताई, सगळ्यांचे मनापासून आभार. चिरंजीवांना वाचून दाखवलं. कांड्या जाळल्याची गोष्ट त्याने मला परत सांगायला लावली, खाचांची मापं स्वतःच्या हातावर बघून झाली. आता पुढचा प्रश्न तयार आहे: चेक रिपब्लिक? आणि दुसरा, त्याचा लंडनचा चुलतभाऊ चेकर्सला ‘ड्राफ्ट्स’ म्हणतो, ते का?

नाशिकचे_शास्त्री

चेक प्रजासत्ताकाचा या मंडळींशी संबंध नाही. ते लोकांचं नाव, एका स्लाव्ह टोळीचं. इंग्रजीत ते पोलिश पद्धतीच्या स्पेलिंगने लिहितात म्हणून वेगळं दिसतं. देवनागरीत मात्र बँकेचा, शर्टाचा आणि प्रागचा, तिन्ही चेक सारखेच.

क्लिअरिंगवाले_आप्पा

ड्राफ्ट्सचं मी सांगतो. इंग्रजीत ओढणं, खेचणं यावरून ‘ड्राफ्ट’. पटावर सोंगटी ओढायची, म्हणून एक चाल म्हणजे एक ड्राफ्ट, आणि खेळ ड्राफ्ट्स. खात्यावर ओढायचा कागद तोही ड्राफ्ट, आपला डीडी. चेकसुद्धा बँकेच्या भाषेत ‘ड्रॉ’च करतात.

म्हणजे बघा, आमच्या काउंटरवर लोक दोनच कागद मागायचे, चेकबुक आणि ड्राफ्ट. आणि त्या दोघांच्या नावाने जगात एकच खेळ खेळला जातो, अमेरिकेत एकाच्या, विलायतेत दुसऱ्याच्या. शाखेत असताना हे ठाऊक असतं तर दुपारच्या चहाला चार दिवस पुरलं असतं. डीडीवर वेगळा धागा काढा कुणीतरी. पिंपातून ओढतात तो बिअरचा ड्राफ्टही त्यातलाच आहे, तिथे ठाणेकर जास्त अधिकाराने बोलतील.

टवाळ_ठाणेकर

आप्पा, चहा संपला. धागा काढतोच.